यादी नको, जोडी द्या
आखातातील मुलांच्या ताब्याच्या खटल्यांत अरबी जाणणारा वकील मिळण्याबाबत मागणीपत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. सचिव, विदेश मंत्रालय, भारत सरकार
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरण
मा. अध्यक्ष, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा

महोदय,

आखातात संसार मोडला आणि मुलासाठी तिथल्या कोर्टात उभे राहावे लागले, अशा कुटुंबांची ही संघटना आहे. सभासद मुख्यतः रत्नागिरी, रायगड, मुंबई आणि ठाण्याचे. थोडे पुण्याचे, काही घरे म्हापसा-मडगावकडची. आया जास्त आहेत, पण बापही आहेत आणि नातवंडांसाठी झुरणारे आजी-आजोबाही. हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती सगळे आहोत. हे मुद्दाम सांगतो, कारण तिथे कोणता कायदा लागणार हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते.

आमच्यातले बहुतेक खटले संयुक्त अरब अमिरातीतले आहेत, म्हणून हे पत्र प्रामुख्याने त्या देशाबद्दल आहे. तिथे भारतीयांची संख्या ३५ लाखांहून अधिक सांगितली जाते. एवढ्या लोकांत नवरा-बायकोची भांडणे होणार, काही घरे मोडणार, हे ओघानेच आले. घर मोडल्यावर पहिल्या आठ दिवसांत जे घडते, त्याबद्दल आम्हाला बोलायचे आहे.

आमच्या एका भगिनीची हकीकत. माहेर चिपळूण तालुक्यातले, राहणे शारजात, मुलगा सहा वर्षांचा. एका संध्याकाळी फोनवर अरबी संदेश आला. शेजारच्या सुदानी बाईने वाचून सांगितले, ‘कोर्टाचा आहे, परवा बोलावलंय.’ कौटुंबिक दाव्यात तिथे बहुधा आधी समुपदेशन आणि तडजोडीच्या टेबलावर जावे लागते. ही एकटीच गेली. समोरचे गृहस्थ भले होते, मोडके इंग्रजी बोलत होते. दोन पानी अरबी कागद पुढे आला. हिने विचारले, ‘मुलगा माझ्याकडेच राहणार ना?’ ते म्हणाले, ‘हो हो, हदाना तुमचीच.’ हिने सही केली. दोन महिन्यांनी आई आजारी पडली म्हणून मुलाला घेऊन चिपळूणला निघाली, तेव्हा कळले की मुलाचा पासपोर्ट बापाकडे राहील आणि देशाबाहेर नेताना त्याची लेखी संमती लागेल, असे तिनेच कबूल केलेले आहे. आई वारली. अंत्यदर्शन व्हिडिओ कॉलवर झाले.

कुणी तिला फसवले असे आम्ही म्हणत नाही. त्या गृहस्थांनी सांगितले ते अक्षरशः खरे होते. मुलाला जवळ ठेवून सांभाळणे म्हणजे हदाना, ती आईला मिळाली होती. पण त्या कायद्यात विलाया नावाची दुसरी गोष्ट आहे: मुलाच्या शिक्षणाचे, मालमत्तेचे, मोठ्या निर्णयांचे पालकत्व. ते बहुधा बापाकडे असते. आपण मराठीत ‘ताबा मिळाला’ म्हणतो तेव्हा आपल्याला हे दोन्ही मिळाले असे वाटते. अरबीत ते दोन वेगळे शब्द आहेत, दोन वेगळे हक्क आहेत, आणि कागदावर त्यांची वाटणी एका ओळीत होऊन जाते. त्या ओळीवर बोट ठेवून ‘बाई, सही करण्याआधी हे बघा’ म्हणणारा माणूस त्या खोलीत नव्हता. तडजोडीच्या कागदाला न्यायाधीशाची मान्यता मिळाली की तो निकालासारखाच बजावला जातो. मग तो मोडून काढणे म्हणजे दुसरा खटला.

‘वकील करायचा होता’ असे सहज म्हटले जाते. कोणता वकील? आमचे लोक इथेच पहिल्यांदा ठेचकाळतात. अमिरातीच्या स्थानिक कोर्टांची भाषा अरबी आहे आणि तिथे उभे राहून युक्तिवाद करण्याचा परवाना मुख्यतः तिथल्या नागरिकांना मिळतो. असा परवानाधारक म्हणजे मुहामी. आपल्याला भेटतात ते भारतीय किंवा पाकिस्तानी कायदेतज्ज्ञ बहुधा मुस्तशार, म्हणजे सल्लागार असतात. त्यांतले कित्येक हुशार आणि प्रामाणिक आहेत, पण न्यायाधीशासमोर त्यांना तोंड उघडता येत नाही. ते काम पुढे कुणा मुहामीकडे देतात. आमच्या एका सभासदाने फीचे तीन हप्ते भरले आणि सुनावणीच्या दिवशी आपला वकील म्हणून समोर आलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. त्या माणसानेही फाइल बहुधा त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिली असावी.

जाता जाता एक गंमत. आपल्या कोर्टातली निम्मी मराठी अरबीतूनच आलेली आहे. वकील, दावा, अर्ज, हुकूम, हजर, रद्द, हक्क. त्यामुळे आमच्या मंडळींना आधी वाटते, भाषा काही अगदीच परकी नाही. पण तिथे वकील म्हणजे नुसता मुखत्यार, आणि वकाला म्हणजे मुखत्यारपत्र. ‘माझा वकील आहे’ असे सांगणाऱ्या बाईला समोरच्याने ‘त्याचे वकालापत्र दाखवा’ म्हटले, तेव्हा तिला वाटले हा माणूस आपली टिंगल करतोय.

उलट दिशेनेही हेच. तालुका आणि जिल्हा न्यायालयांचे आपले हुकूम बरेचदा मराठीत असतात. ते तिथे दाखल करायचे तर आधी इंग्रजी आणि मग तिथल्या परवानाधारक अनुवादकाकडून अरबी, असा प्रवास होतो. एका हुकमात ‘मुलाचा ताबा आईकडे’ असे स्वच्छ लिहिले होते. आपल्याकडे ताबा जमिनीचाही असतो आणि मुलाचाही. इथल्या भाषांतरकाराने जमिनीच्या ताब्याचा इंग्रजी शब्द घातला. तिथल्याने तो शब्द प्रामाणिकपणे अरबीत नेला आणि हदानाच्या जागी हियाझा लिहिले, म्हणजे वस्तू कब्जात असणे. पोटचे पोर कागदावर गोठ्यातल्या म्हशीच्या रांगेत जाऊन बसले. समोरच्या वकिलाने एवढेच म्हटले, ‘हा हुकूम ताब्याचा दिसत नाही.’ पुढची तारीख सात आठवड्यांनी पडली.

कायदे जागेवर थांबलेले नाहीत, ही दुसरी अडचण. २००५ च्या जुन्या कायद्यात मुलाची हदाना अकराव्या आणि मुलीची तेराव्या वर्षी संपत असे. १५ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात दोघांसाठी ती १८ वर्षांपर्यंत आहे, आणि पंधरा वर्षांच्या मुलाला कुणाकडे राहायचे ते निवडता येते. बिगरमुस्लिमांसाठी १ फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नागरी कायदा आहे; त्यात आईबाप दोघांनी मिळून ताबा घ्यायचा हा मूळ नियम आहे. अबू धाबीने तर २०२१ मध्येच बिगरमुस्लिमांसाठी स्वतंत्र कायदा करून वेगळे कोर्ट उभारले. म्हणजे मंडणगडची मुसलमान बाई आणि गुहागरची हिंदू बाई एकाच इमारतीत राहत असल्या तरी त्यांचे खटले दोन वेगळ्या कायद्यांनी चालतील. गावाकडून फोनवर मिळणारा सल्ला मात्र अजून अकरा आणि तेरा वर्षांचाच असतो.

वरती कसले छत्रही नाही. बालकांना देशाबाहेर नेण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही आणि अमिरातीही नाही. आपल्या विधी आयोगाने २००९ मध्ये २१८ व्या अहवालात भारताने त्यात सामील व्हावे असे सुचवले, २०१६ मध्ये २६३ व्या अहवालात विधेयकाचा मसुदाही दिला; ते घोंगडे भिजतच आहे. जानेवारी २०२० मध्ये केंद्राने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली अमिरातीच्या कोर्टांचे हुकूम इथे बजावण्याची सोय केली, पण ते कलम पैशाच्या हुकमांपुरते आहे. पोटगीच्या थकबाकीला कदाचित उपयोगी पडेल, पोराला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या नित्या आनंद राघवन खटल्यात म्हटले आहे की परदेशी कोर्टाचा हुकूम विचारात घ्यायचा, पण शेवटचा निकष मुलाचे हित. न्याय म्हणून हे बरोबरच आहे. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की दोन्हीकडे पहिल्यापासून लढावे लागते आणि दोन्हीकडे कागद समजावे लागतात.

हे सगळे मांडले ते आमची मुख्य मागणी नीट कळावी म्हणून.

मागणी पहिली. वकिलांची यादी देऊन मोकळे होऊ नका, जोडी द्या. एक स्थानिक परवानाधारक मुहामी, आणि त्याच्यासोबत मराठी किंवा निदान हिंदी व इंग्रजी चांगले जाणणारा, कोर्टाची अरबी वाचता-बोलता येणारा कायद्याचा माणूस. दोघांची नियुक्ती एकत्र, जबाबदारी एकत्र, आणि कागदावर सही होण्याआधी तो मराठीत किंवा पक्षकाराला कळेल त्या भाषेत वाचून दाखवला असा दोघांचा लेखी दाखला. परवाना, कोर्टाची अरबी आणि आपल्या माणसाचे बोलणे, हे तिन्ही एकाच माणसात सापडणे अवघड आहे हे आम्ही अनुभवाने मान्य केले आहे. एक माणूस शोधत वर्षे घालवण्यापेक्षा दोन माणसे जोडणे सोपे आहे.

सध्याच्या याद्यांबद्दल बोलणे भाग आहे. आम्हाला मिळालेल्या एका यादीतले काही फोन बंद होते. एक वकील फक्त व्यापारी करारांची कामे करत होते. आणि एका भगिनीने तिसऱ्या नावाला फोन लावला तेव्हा पलीकडून अत्यंत नम्रपणे सांगण्यात आले की ते आधीच तिच्या नवऱ्याचे वकील आहेत. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. प्रत्येक नावापुढे परवान्याचा प्रकार, तो शेवटचा पडताळला ती तारीख आणि कौटुंबिक खटल्यांचा अनुभव लिहिलेला असावा. यादी दर सहा महिन्यांनी तपासावी.

इथे आक्षेप येईल, आणि तो गैर नाही: नवरा-बायको दोघेही भारतीय असताना सरकारने एकाची बाजू का घ्यावी? घेऊ नये. आईने मागितली तर आईला जोडी द्या, बापाने मागितली तर बापाला दुसरी जोडी द्या. आमच्यातल्या बापांना हे हवेच आहे. पण कागद न समजता सही होणे कुणाच्याच बाजूचे नाही, मुलाच्या तर नाहीच.

मागणी दुसरी. केरळने हे काही प्रमाणात करून दाखवले आहे. परदेशस्थ केरळीयांसाठीच्या नोरका रूट्स या संस्थेमार्फत तिथल्या सरकारने आखाती देशांतल्या मल्याळी लोकांसाठी कायदा सल्लागार नेमले, आणि माणसाला त्याच्या भाषेत बोलून सल्ला मिळू लागला. महाराष्ट्राने तशीच व्यवस्था राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या कक्षेत उभी करावी. केरळइतकी आपली माणसे तिकडे नाहीत हे खरे, म्हणून सुरुवात दुबई-शारजा, अबू धाबी, मस्कत आणि कुवेत या चार ठिकाणी पुरेल. कोकणातल्या घराघरातून आखातात माणूस गेला, मनीऑर्डरी आणि ड्राफ्ट आले, त्यावर शाळा आणि मशिदी आणि देवळांचे सभामंडप झाले. त्या माणसांसाठी राज्याने चार कायदेतज्ज्ञ नेमावेत, ही अवाजवी अपेक्षा नव्हे.

मागणी तिसरी. भारतीय कायद्यांचे अधिकृत अरबी भाषांतर. ही मागणी कुणाला किरकोळ वाटेल. आमच्या मते हिच्यासारखी स्वस्त आणि उपयोगी दुसरी नाही. अमिरातीत राहणाऱ्या परदेशी माणसाला काही परिस्थितीत आपल्या देशाचा कायदा लावा असे म्हणता येते. पण तो कायदा काय आहे हे सिद्ध करण्याचे ओझे म्हणणाऱ्यावर. म्हणजे शारजात बसलेल्या बाईने १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा स्वतःच्या खर्चाने अरबीत करून, साक्षांकित करून न्यायाधीशापुढे ठेवायचा. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे हे त्या कायद्याच्या कलम ६ मध्ये स्पष्ट आहे, पण ती ओळ अरबीत कुणी आणून दिली तर ना! दरवेळी नवे भाषांतर, दरवेळी नवा खर्च, आणि दरवेळी नवी चूक होण्याची शक्यता. भारत सरकारने १८९० चा पालक व पाल्य कायदा, १९५५ चा हिंदू विवाह कायदा, १९५४ चा विशेष विवाह कायदा, १९५६ चा वरील कायदा आणि ख्रिस्ती सभासदांसाठी १८६९ चा घटस्फोट कायदा एकदाच नीट अरबीत करून, दूतावासाच्या शिक्क्यासह उपलब्ध ठेवावेत. गोव्यातल्या सभासदांसाठी तिथल्या नागरी संहितेचा कौटुंबिक भागही. सोबत शंभरेक शब्दांचा मराठी-इंग्रजी-अरबी कोर्ट शब्दकोश द्यावा. त्यात पहिला शब्द ‘ताबा’ असावा, एवढा आग्रह आम्ही धरू.

मागणी चौथी. मुखत्यारपत्राची फरफट थांबवा. आई मुलाविना भारतात परत आली असेल तर तिथल्या वकिलाला वकाला इथून पाठवावे लागते. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, पण अमिराती नाही. म्हणून एका शिक्क्यावर भागत नाही. नोटरी, राज्य सरकार, विदेश मंत्रालय, मुंबईतला त्यांचा वाणिज्य दूतावास, तिथे पोचल्यावर त्यांचे परराष्ट्र मंत्रालय, आणि मधे कुठेतरी भाषांतर. संगमेश्वरहून यासाठी मुंबईच्या किती फेऱ्या होतात ते मोजायला आम्ही कुणाही अधिकाऱ्याला सोबत न्यायला तयार आहोत. एवढ्यात अपिलाची मुदत निघून जाते; ती तर दिवसांत मोजली जाते. मुलाच्या ताब्याशी संबंधित कागदांसाठी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आठवड्यातून एक दिवस वेगळी खिडकी ठेवावी आणि राज्याचा शिक्काही तिथेच मिळावा.

मागणी पाचवी. भारतीय समुदाय कल्याण निधीतून पहिल्या टप्प्याची मदत. हा निधी २००९ पासून आहे, २०१७ मध्ये त्याचे नियम सुधारले गेले आणि अडचणीतल्या भारतीयांच्या कायदेशीर मदतीची तरतूद त्यात आहे. पासपोर्ट आणि इतर कॉन्सुलर सेवा घेताना आपण जी थोडी जादा रक्कम भरतो, त्यातूनही तो उभा राहतो. आमचे म्हणणे इतकेच की ताब्याच्या खटल्यात पैसे निकालानंतर उपयोगाचे नाहीत. तडजोडीच्या पहिल्या बैठकीला जोडीतला एक जण हजर राहावा, एवढा खर्च अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मंजूर व्हावा. उत्पन्नाची छाननी मागाहून करा, जास्त निघाले तर वसूल करा. आम्ही लिहून देऊ.

मागणी सहावी. अबू धाबीच्या न्याय विभागाने फेब्रुवारी २०१९ मध्ये कामगारांच्या दाव्यांसाठी अरबी आणि इंग्रजीच्या जोडीला हिंदी स्वीकारली. ज्या देशाने मजुराच्या पगाराच्या दाव्यात हे केले, तो आईच्या दाव्यात करणारच नाही असे का धरून चालायचे? भारत सरकारने कौटुंबिक दाव्यांतही ही सोय मागावी, आणि निदान सूचनांचे संदेश हिंदीत किंवा इंग्रजीत यावेत यासाठी बोलणी करावीत. मराठीची अपेक्षा आम्ही तूर्त धरत नाही.

मागणी सातवी बार कौन्सिल आणि विद्यापीठांकडे. मुंबई विद्यापीठात अरबी विभाग आहे, पुण्यात पूना कॉलेजात अरबी शिकवतात, रत्नागिरी-रायगडच्या मदरशांतून दरवर्षी अरबी शिकलेली मुले बाहेर पडतात. आमच्या एका सभासदाने कोर्टाचा कागद घेऊन गावातल्या मौलाना साहेबांकडे धाव घेतली. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचला आणि सरळ सांगितले, ‘मला किताबाची अरबी येते बेटा, हा सरकारी मजकूर वेगळा आहे. चुकीचं सांगून तुझं नुकसान नाही करणार.’ त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण अशी पायाभूत अरबी असलेल्या मुलांतून जी एलएलबी करतात, त्यांना कोर्टाची अरबी, आखातातले कौटुंबिक कायदे आणि भाषांतर यांचा एक वर्षाचा अभ्यासक्रम मिळाला, तर पहिल्या मागणीतल्या जोडीचा दुसरा माणूस घरातच तयार होईल. इथल्या कौटुंबिक न्यायालयांनाही अरबी हुकूम वाचायला अनुवादक लागतातच. तिथे मुलांचा ताबा मिळवणाऱ्या बापांचे कागद आज कुणाकडून भाषांतर करून येतात हे एकदा तपासून पाहावे.

बालकांना परस्पर इकडून तिकडे उचलून आणण्याचा सल्ला आम्ही कुणाला देत नाही, आणि या मागण्यांचा तसा अर्थ कुणी लावू नये. तिथे प्रवासबंदी लागते, फौजदारी गुन्हा होतो, आणि मुलाला दोन्हीकडचे आईबाप दुरावतात. तसे करून बसलेले दोन सभासद आमच्यात आहेत. नव्या माणसाला समजावायला आम्ही त्यांनाच पुढे करतो.

या मागण्यांवर चर्चेसाठी ३० दिवसांत बैठक द्यावी. आमचे बरेच सभासद तिकडून फोनवर जोडले जातील. अमिरातीत आता शनिवार-रविवार सुटी असते, कुवेत, ओमान आणि सौदीत शुक्रवार-शनिवार. म्हणून बैठक शनिवारी ठेवावी, ही विनंती. त्या दिवशी मंत्रालय बंद असते याची आम्हाला कल्पना आहे. जागेची अडचण असल्यास चिपळूणला आमच्या सभासदाचे मंगल कार्यालय रिकामे ठेवता येईल. दुभाष्याची सोय आम्ही केली आहे. तीच चिपळूणची भगिनी येईल, तिने आता अरबी शिकून घेतली आहे.

आपले विश्वासू,
अध्यक्ष व सचिव,
कार्यकारिणीच्या वतीने